गद्दार : एका शब्दाचा आणि एका खुनाचा इतिहास

ठाण्याचा अलीकडचा इतिहास लिहू पाहणाऱ्याला १९८९ या सालापाशी थांबावेच लागते. त्या वर्षी ठाणे महानगरपालिकेच्या महापौरपदाच्या निवडणुकीत शिवसेनेचा उमेदवार अवघ्या एका मताने पडला. पक्षातूनच मत फुटले, अशी चर्चा झाली आणि संशय श्रीधर खोपकर या शिवसेनेच्याच नगरसेवकावर घेतला गेला. गद्दारांना क्षमा नसते, अशा आशयाचे जिल्हाप्रमुख आनंद दिघे यांचे उद्गार तेव्हा गाजले. लवकरच खोपकर यांचा खून झाला. दिघे यांना ‘टाडा’खाली अटक झाली. पुढे ते जामिनावर सुटले. २६ ऑगस्ट २००१ रोजी त्यांचे निधन झाले, तोवर खटल्याचा निकाल लागलेला नव्हता. आरोप सिद्ध झाला नाही आणि न्यायालयाने निर्दोष ठरवण्याची वेळही आली नाही. खून करणारा हात कोणाचा, या प्रश्नाला सर्वमान्य उत्तर आजही नाही.

या प्रकरणाकडे आम्ही गुन्हेकथा म्हणून पाहत नाही. आमचे लक्ष आहे ते ‘गद्दार’ या शब्दाकडे. अरबीतून फारसीमार्गे आलेला हा शब्द मराठीत ‘फितूर’ आणि ‘घरभेदी’ यांच्या पंक्तीला बसला. बखरींच्या जगात फितुरीचा संबंध किल्ल्याशी आणि राज्याशी होता. किल्ला शत्रूच्या हाती गेला की फितुरी कोणाची, हे बहुधा उघड होई. महापालिकेच्या सभागृहातले मत ही अगदी वेगळी गोष्ट. तिथे युद्धाची परिभाषा आणली की पराभवाला कारण नव्हे, अपराधी लागतो. एकदा अपराधी ठरला, की शिक्षाही युद्धाच्याच मापाने मोजली जाते.

पक्षादेश मोडणाऱ्या सदस्याला अपात्र ठरवणारा स्थानिक संस्थांसाठीचा कायदा महाराष्ट्रात १९८६चा आहे, म्हणजे या निवडणुकीच्या आधीचा. पण कायद्याला पुरावा लागतो, सुनावणी लागते. संशयाला यातले काहीच लागत नाही.

टेंभी नाक्यावर दिघे यांचा दरबार भरे. घराचा तंटा, नोकरी, रुग्णालयातली खाट, अशा गाऱ्हाण्यांसाठी ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंतची माणसे तिथे रांग लावत. सरकारी कचेरीत न मिळणारा दिलासा तिथे मिळे, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यांच्या निधनानंतर संतप्त जमावाने रुग्णालय पेटवले, यावरून त्या निष्ठेची तीव्रता कळते. मात्र ज्या दारात न्याय मिळतो असे लोक मानतात, त्या दाराबद्दल साक्ष द्यायला कोण पुढे येणार? मौन केवळ भीतीतून येत नाही. ते कृतज्ञतेतूनही येते. इतिहासकाराला भीतीचे मौन ओळखता येते, कृतज्ञतेचे सहसा निसटते.

इथे एक दूरचा दाखला उपयोगी पडेल. कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८५च्या मार्चमध्ये ‘हेल्स एंजल्स’ या मोटरसायकलस्वारांच्या टोळीने लेनॉक्सव्हिल येथे आपल्याच पाच सदस्यांना ठार केले. टोळीच्या नियमांना ते जुमानत नाहीत, हा त्यांच्यावरचा ठपका. प्रेते सेंट लॉरेन्स नदीत सापडली. पुढे आतल्याच माणसांनी तोंड उघडले आणि काहींना शिक्षा झाल्या. टोळी आणि राजकीय पक्ष यांना एका तराजूत तोलण्याचा आमचा हेतू नाही. बंद वर्तुळातला खून उलगडायचा तर वर्तुळातल्याच कोणाला तरी बोलावे लागते, एवढेच यातून दिसते. ठाण्यात असे बोलणे निर्णायक ठरले नाही.

जून २०२२मध्ये शिवसेना फुटली आणि ‘गद्दार’ हा शब्द पुन्हा सभांतून घुमू लागला. त्याच वर्षी दिघे यांच्या जीवनावरचा ‘धर्मवीर’ हा चित्रपट आला होता. एकाच गुरूचा वारसा सांगणाऱ्या दोन्ही गटांनी तोच शब्द एकमेकांवर फेकला. या गदारोळात खोपकर यांचे नाव आलेच तर ते दिघे यांच्या चरित्रातला एक प्रसंग म्हणून. एक मत, एक संशय आणि एक मृत्यू, एवढ्यावर त्या माणसाचे चरित्र संपवले गेले.

साहित्याच्या विद्यार्थ्यांना आम्ही सुचवू ते इतकेच : चरित्रे आणि चित्रपट वाचताना नायकाच्या वाक्यांबरोबर, ती वाक्ये ज्याला उद्देशून होती त्या माणसालाही शोधावे. खोपकर यांनी मत फोडले होते की नाही, हे ठरवणे आपल्या हाती नाही. फोडले असते तरी त्याची शिक्षा फार तर नगरसेवकपद जाणे ही होती.