सानुकूल लिनक्स वितरण

सानुकूल लिनक्स वितरण म्हणजे एखाद्या विशिष्ट संस्थेच्या, भाषेच्या किंवा कामाच्या गरजेनुसार निवडलेल्या आणि आवश्यक तेथे बदललेल्या मुक्त स्रोत सॉफ्टवेअरांचा, लिनक्स कर्नलवर आधारलेला व संगणकावर थेट बसवता येईल असा संच होय. शाळा, शासकीय कार्यालये, संशोधन संस्था, ग्रंथालये तसेच विशिष्ट उपकरणे यांसाठी अशी वितरणे तयार केली जातात. महाराष्ट्राशी निगडित उदाहरणांत सी-डॅकचे बॉस लिनक्स, तसेच रायगड जिल्ह्यातील खैराट येथे मुलांना दिलेल्या एक्सओ संगणकांवरील प्रणाली यांचा समावेश होतो.

असे वितरण बांधण्याचे तांत्रिक काम आज तुलनेने सोपे झाले आहे. ते अद्ययावत ठेवणे आणि त्यात मराठीसारख्या भाषेचा वापर निर्दोष होईल याची काळजी घेणे हे मात्र दीर्घकाळ चालणारे काम आहे.

स्वरूप

लिनक्स हे नाव व्यवहारात संपूर्ण कार्यप्रणालीला लावले जाते; काटेकोर अर्थाने ते केवळ कर्नलचे, म्हणजे प्रणालीच्या गाभ्याचे नाव आहे. कर्नल संगणकाची स्मृती, प्रक्रिया आणि जोडलेली उपकरणे यांचे नियंत्रण करतो. वापरकर्त्याला प्रत्यक्ष काम करण्यासाठी त्यावर आज्ञावली, चित्रमय पडदा, टंक, न्याहाळक, शब्दसंस्करण व मुद्रण यांची सॉफ्टवेअरे लागतात. हे सर्व घटक वेगवेगळे प्रकल्प स्वतंत्रपणे लिहितात. त्यांच्या परस्परांशी जुळणाऱ्या आवृत्त्या निवडून, त्यांची पॅकेजे बनवून आणि ती बसवण्याची सोय करून जो संच दिला जातो, त्याला वितरण म्हणतात.

डेबियन, फेडोरा, उबुंटू ही सर्वसाधारण उपयोगाची वितरणे होत. सानुकूल वितरण बहुधा अशाच एखाद्या वितरणापासून निघते. त्यातील अनावश्यक पॅकेजे वगळली जातात, हवी ती घातली जातात आणि पूर्वनियोजित मांडण्या बदलल्या जातात.

पार्श्वभूमी

रिचर्ड स्टॉलमन यांनी सप्टेंबर १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरण्याचे, अभ्यासण्याचे, बदलण्याचे व वाटण्याचे स्वातंत्र्य प्रत्येकाला असावे, ही त्यामागील भूमिका होती. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकी विद्यापीठाचे विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी आपल्या कर्नलची वार्ता प्रसिद्ध केली आणि १९९२ मध्ये तो ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली आणला. कर्नल आणि ग्नूची साधने एकत्र आल्याने संपूर्ण मुक्त कार्यप्रणाली शक्य झाली.

१९९३ मध्ये स्लॅकवेअर आणि इयान मर्डॉक यांनी सुरू केलेले डेबियन ही वितरणे पुढे आली. २००० मध्ये जर्मनीतील क्लाउस नॉपर यांनी नॉपिक्स प्रसिद्ध केले. संगणकावर काहीही न बसवता थेट तबकडीवरून चालणाऱ्या प्रणालीची कल्पना त्यामुळे लोकप्रिय झाली. सानुकूल वितरणांना या पद्धतीचा मोठा उपयोग झाला, कारण संगणकावरील आधीच्या माहितीला धक्का न लावता नवी प्रणाली पाहता येऊ लागली.

निर्मितीच्या पद्धती

सानुकूल वितरण तयार करण्याच्या प्रमुख पद्धती चार आहेत.

तयार प्रतिमेत बदल : उपलब्ध वितरणाची प्रतिमा उघडून तिच्यातील पॅकेजे कमी-जास्त करणे व पुन्हा बांधणे. उबुंटूसाठी क्युबिक हे साधन याकरिता वापरले जाते. ही पद्धत शिकण्यास सोपी आहे. परंतु केलेल्या बदलांची नोंद न ठेवल्यास तेच वितरण पुन्हा जसेच्या तसे बांधणे अवघड जाते.

कृतिपत्रिकेवरून बांधणी : कोणती पॅकेजे घ्यायची, कोणत्या मांडण्या ठेवायच्या, हे मजकूर-फायलींत लिहून ठेवले जाते आणि साधन त्यावरून प्रतिमा तयार करते. डेबियनमधील लाइव्ह-बिल्ड आणि फेडोरातील किकस्टार्ट फायली या प्रकारात मोडतात. दुसऱ्या व्यक्तीलाही हे काम पुढे चालवता येत असल्याने संस्थांसाठी ही पद्धत अधिक योग्य ठरते.

उपकरणांसाठी बांधणी : लहान उपकरणांसाठी योक्टो व बिल्डरूट ही साधने कर्नलपासून पुढचे सर्व घटक मूळ संहितेतून संकलित करतात.

मुळापासून बांधणी : प्रत्येक घटक हाताने संकलित करणे. जेरार्ड बीकमन्स यांच्या ‘लिनक्स फ्रॉम स्क्रॅच’ या पुस्तकात ही पद्धत पायरीपायरीने दिली आहे. रोजच्या वापरापेक्षा अभ्यासासाठी ती अधिक उपयुक्त आहे.

निर्मितीचे टप्पे

परभणी जिल्ह्यातील मानवत येथील एखाद्या मराठी माध्यमाच्या शाळेसाठी वितरण तयार करायचे आहे असे मानल्यास कामाचा क्रम पुढीलप्रमाणे राहील.

प्रथम उपलब्ध यंत्रांची पाहणी केली जाते. प्रोसेसर ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा, स्मृती किती आहे आणि मुद्रक कोणता आहे, यावर पुढील निवड अवलंबून असते. जुन्या यंत्रांसाठी ग्नोमऐवजी एक्सएफसीई किंवा एलएक्सक्यूटी यांसारखे हलके पडदे निवडले जातात. त्यानंतर आधारभूत वितरण ठरते. दीर्घकाळ सुरक्षा-सुधारणा मिळणारी आवृत्ती निवडणे इष्ट असते, कारण शाळेला दर सहा महिन्यांनी प्रणाली बदलणे परवडत नाही.

तिसऱ्या टप्प्यात पॅकेजांची यादी तयार होते. तीत लिबर ऑफिस, फायरफॉक्स, गणितासाठी जिओजेब्रा किंवा तत्सम साधन, लहान मुलांसाठी जीकॉम्प्री आणि जंगमुद्रांऐवजी साध्या नोंदींसाठी तक्ते यांचा समावेश होऊ शकतो. प्रत्येक पॅकेज घेताना त्याचा परवाना तपासावा लागतो, कारण विनामूल्य मिळणारे प्रत्येक सॉफ्टवेअर मुक्त स्रोत असतेच असे नाही. चौथ्या टप्प्यात मराठी भाषा, इनस्क्रिप्ट कळफलक, टंक व भारतीय प्रमाणवेळ हे पूर्वनियोजित केले जातात. इंटरनेटची जोडणी संथ किंवा अनियमित असेल, तर आवश्यक पॅकेजे प्रतिमेतच ठेवली जातात.

बांधणीनंतर मूळ फायलींचा संच दाबून एका स्क्वॅशएफएस फायलीत ठेवला जातो, प्रारंभक जोडला जातो आणि आयएसओ प्रतिमा तयार होते. तिची चाचणी आधी आभासी यंत्रावर आणि मग प्रत्यक्ष यंत्रावर घेतात. प्रतिमेसोबत तिचा तपासणी-अंक दिला जातो. प्रत करताना फाइल बिघडली आहे का, हे त्यावरून कळते.

मराठीसाठी लागणारी व्यवस्था

पडद्यावरील शब्दांचे भाषांतर हा मराठीकरणाचा केवळ दिसणारा भाग आहे. त्याखाली वर्णसंकेत, टंक, अक्षरजुळणी, कळफलक आणि वर्णानुक्रम असे पाच थर असतात.

भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या संकेतमानकाच्या मांडणीचा आधार घेऊन १९९१ मध्ये युनिकोडमध्ये देवनागरीचा समावेश झाला. पूर्वीच्या अनेक मराठी टंकांत प्रत्येक निर्मात्याचे संकेत वेगळे असत. त्यामुळे एका टंकात लिहिलेला मजकूर दुसऱ्या टंकात वाचता येत नसे. युनिकोडने ही अडचण दूर केली. ‘ॲ’ हे मराठीला हवे असलेले अक्षर २००८ च्या ५.१ या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले.

युनिकोड जोडाक्षरे साठवत नाही. ‘क्ष’ हा क, हलन्त आणि ष अशा तीन संकेतांनी बनतो. त्यांचे योग्य आकार पडद्यावर आणण्याचे काम हार्फबझ हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर आणि टंकातील नियम मिळून करतात. मराठीत ‘ल’ आणि ‘श’ यांची वळणे हिंदीतील प्रचलित वळणांहून भिन्न आहेत. टंकात दोन्ही वळणे असली, तरी मजकुराची भाषा मराठी आहे हे प्रणालीला सांगितले नसल्यास हिंदी वळण दिसू शकते. म्हणून भाषेची मांडणी बिनचूक असणे आवश्यक ठरते.

अर्धा ‘र’ हा याहून नाजूक विषय आहे. ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधील खोल भाग. रफार की अर्धा र, एवढ्यावर अर्थ बदलतो. हा अर्धा र युनिकोडमध्ये दोन रीतींनी लिहिता येतो : ‘ऱ’ला हलन्त जोडून, किंवा ‘र’, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह वापरून. दोन्ही रीतींनी लिहिलेले शब्द दिसायला सारखेच असतात. पण संगणकाच्या दृष्टीने ते भिन्न आहेत. त्यामुळे एका रीतीने लिहिलेला शब्द दुसऱ्या रीतीने शोधल्यास सापडत नाही. शाळेच्या नोंदवहीत किंवा ग्रंथालयाच्या सूचीत असे घडल्यास नोंद असूनही ती नाहीशी झाल्यासारखी होते. सर्व यंत्रांवर एकच कळफलक ठेवणे हा यावरील साधा उपाय आहे.

वर्णानुक्रमाचेही तसेच आहे. संकेतांच्या क्रमाने लावल्यास ‘ळ’ हा ‘ल’नंतर लगेच येतो आणि ‘क्ष’ हा ‘क’मध्ये मोडतो. मराठी वर्णमालेत मात्र ळ, क्ष, ज्ञ ही अक्षरे ‘ह’नंतर येतात. हजेरीपटातील नावे अपेक्षित क्रमाने लागावीत यासाठी मराठीचा स्थानिक नियमसंच वापरावा लागतो.

महाराष्ट्रातील व भारतातील प्रयत्न

मुंबईतील राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राने इंडिक्स या प्रकल्पात लिनक्सच्या पडद्यावर भारतीय लिप्या आणण्याचे आरंभीचे काम केले. हे केंद्र २००३ मध्ये सी-डॅकमध्ये विलीन झाले. २००० च्या सुमारास मुंबईतच सुरू झालेल्या इंडलिनक्स या प्रकल्पाने स्वयंसेवकांच्या साहाय्याने भारतीय भाषांतील भाषांतरांना चालना दिली.

पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेक या संस्थेने बनवलेले लोहित टंक २००४ मध्ये रेड हॅटने ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखाली खुले केले. २०११ मध्ये त्यांना मुक्त टंक परवाना लागू झाला. हे टंक फेडोरा व डेबियन या दोहोंत समाविष्ट झाल्याने त्यांवर आधारलेल्या अनेक वितरणांना मराठी मजकूर दाखवण्याची सोय आयती मिळाली.

बॉस, म्हणजे भारत ऑपरेटिंग सिस्टीम सोल्यूशन्स, हे डेबियनवर आधारलेले वितरण सी-डॅकने चेन्नई येथे विकसित केले. सी-डॅकचे मुख्यालय पुण्यात आहे. ‘तरंग’ ही त्याची पहिली आवृत्ती २००७ मध्ये आली. पुढील आवृत्त्यांत अनंत, तेजस, अनोखा ही नावे आढळतात. मराठीसह अनेक भारतीय भाषांची सोय त्यात असून शाळांसाठी एज्युबॉस ही वेगळी आवृत्ती काढण्यात आली.

२००७ मध्येच रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यातील खैराट धनगरवाडा येथील एकशिक्षकी शाळेत ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ या जागतिक उपक्रमाचा प्रयोग झाला. तेथे दिलेल्या एक्सओ संगणकात २५६ मेगाबाइट स्मृती आणि १ गिगाबाइट साठवण होती. फेडोरा वितरण एवढ्या जागेत बसेल असे छाटून त्यावर शुगर हा मुलांसाठीचा पडदा बसवलेला होता. त्यात फायली व खिडक्यांऐवजी लेखन, चित्रकला, छायाचित्रण अशा ‘कृती’ मांडलेल्या होत्या. यंत्राचा पडदा सूर्यप्रकाशातही वाचता येत असे. अत्यंत मर्यादित यंत्रासाठी वितरण कसे बेतावे, याचे हे ठळक उदाहरण आहे. शुगरचा विकास २००८ पासून शुगर लॅब्स ही स्वतंत्र संस्था पाहते.

शिक्षणक्षेत्रात केरळचे उदाहरण विशेष मानले जाते. तेथील आयटी ॲट स्कूल प्रकल्पाने राज्याच्या शाळांसाठी स्वतःचे वितरण तयार केले आणि २०१७ मध्ये स्थापन झालेल्या काइट या शासकीय संस्थेने ते पुढे चालवले. पाठ्यक्रम, शिक्षकांचे प्रशिक्षण आणि वितरण यांची तेथे एकत्र आखणी झाली. महाराष्ट्रात आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाने मुक्त स्रोत सॉफ्टवेअरांचे ध्वनिचित्र-पाठ मराठीसह अनेक भाषांत उपलब्ध करून दिले आहेत.

परवाने व नाव

ग्नूच्या सार्वजनिक परवान्याखालील सॉफ्टवेअर बदलून वाटणाऱ्याने त्याची मूळ संहिताही घेणाऱ्यास उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. शुल्क आकारण्यास मनाई नाही. पुढे वाटण्यास मात्र अडवता येत नाही.

संहिता मुक्त असली, तरी नाव आणि बोधचिन्ह मुक्त असतेच असे नाही. फायरफॉक्सच्या बोधचिन्हावरून झालेल्या मतभेदामुळे डेबियनने २००६ ते २०१६ या काळात तो न्याहाळक आइसवीझल या नावाने दिला. म्हणून सानुकूल वितरणाला स्वतःचे वेगळे नाव देणे आणि आधारभूत वितरणाचा उल्लेख करणे, ही रीत रूढ झाली आहे.

देखभाल व मर्यादा

प्रसिद्धीनंतर सापडणाऱ्या सुरक्षा-त्रुटी दुरुस्त करत राहणे ही वितरणकर्त्याची मुख्य जबाबदारी असते. आधारभूत वितरणाच्या पॅकेजांत जितके अधिक बदल केलेले असतील, तितक्या अधिक दुरुस्त्या स्वतः कराव्या लागतात. एकदोन व्यक्तींवर अवलंबून असलेली अनेक वितरणे यामुळेच थोड्या वर्षांत बंद पडतात आणि वापरणारे जुन्या, असुरक्षित आवृत्तीवर अडकतात. केवळ विशिष्ट उपकरणांवर चालणारे मुद्रक, शासकीय संकेतस्थळांना लागणारी ठरावीक साधने आणि प्रशिक्षित व्यक्तींची उणीव याही अडचणी संभवतात.

भाषेच्या बाबतीत हा मुद्दा अधिक महत्त्वाचा ठरतो. सुधारलेला टंक, भाषांतर किंवा वर्णानुक्रमाचा नियम फक्त एका वितरणात ठेवला, तर ते बंद पडल्यावर ते श्रमही वापराबाहेर जातात. तोच बदल मूळ प्रकल्पाकडे पाठवून तेथे स्वीकारला गेला, तर त्यावर आधारलेल्या सर्व वितरणांना तो मिळतो. लोहित टंकांचा प्रसार याच मार्गाने झाला. त्यामुळे पॅकेजांची यादी व मांडण्या एवढेच वितरणात ठेवून भाषेसंबंधीची प्रत्येक दुरुस्ती मूळ प्रकल्पात जमा करणे, ही मराठी वितरणासाठी सर्वांत टिकाऊ पद्धत समजली जाते.