ओतून दिलेला लाल रंग

मागच्या आठवड्यात साताऱ्याहून आत्याचा फोन आला होता. ही बाई आयुष्यभर आलं ठेचून घातलेला, लालभडक उकळलेला चहा पीत आली आणि आम्हालाही पाजत आली. आता नातवाने ग्रीन टीचा डबा आणून दिलाय. म्हणाली, "अगं, यावर लिहिलंय, एका कपात अमुक इतके मिलिग्रॅम कॅटेचिन. माझ्या पुड्यावर तर असलं काहीच लिहिलेलं नाही. म्हणजे इतकी वर्षं मी नुसतं रंगीत पाणीच प्यायले की काय?"

मी फोनवर काहीतरी गुळमुळीत बोलले. खाण्यापिण्याचे पदार्थ तपासणाऱ्या लॅबमध्ये वीसेक वर्षं काढल्यावर मला दोन वाक्यांत उत्तर देता यायला हवं होतं. नाही आलं. कारण खरं उत्तर द्यायचं तर जवळजवळ दोनशे वर्षं मागे जावं लागतं. म्हणून हा लेख. (आत्या, नातवाकडून वाचून घे. डबा त्यानेच आणलाय!)

सुरुवात कॉलेजच्या प्रॅक्टिकलपासून करते. बी.एस्सी.ला 'चहापत्तीतून कॅफीन वेगळे काढणे' हा प्रयोग असायचा. पत्ती धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात उकळायची, गाळायची, ते पाणी काचेच्या नरसाळ्यात घेऊन त्यात क्लोरोफॉर्म घालून हलवायचं. थोड्या वेळाने दोन थर होतात. खालचा क्लोरोफॉर्मचा, वरचा गडद तांबडा. खालचा थर सोडून घ्यायचा आणि उडवून लावायचा. तळाशी उरतात कॅफीनच्या पांढऱ्या सुया. मला तेव्हा तो चमत्कारच वाटला होता. इतक्या लाल पाण्यातून इतकं पांढरं काही निघतं!

वरच्या लाल थराचं काय करायचं, असं मी सरांना विचारलं. सर म्हणाले, "ओत बेसिनमध्ये." ओतलं. वही पूर्ण झाली, मार्क मिळाले.

चहाच्या रसायनशास्त्राचा इतिहास पाहिला तर तोही बराचसा असाच आहे. पांढरं आधी सापडलं, लाल बराच काळ ओतून दिलं.

१८१९ मध्ये जर्मनीत फ्रीडलीब रुंगे या तरुण रसायनशास्त्रज्ञाला महाकवी गटेने कॉफीच्या बिया दिल्या आणि त्यातून रुंगेने कॅफीन वेगळं काढलं. १८२७ मध्ये ऊद्रीला चहात तसंच द्रव्य मिळालं, त्याचं नाव ठेवलं थेईन. पुढे १८३८ मध्ये मुल्डर आणि योब्स्ट यांनी दाखवून दिलं की कॅफीन आणि थेईन एकच. हे इतक्या लवकर जमलं याचं कारण कॅफीनचा स्वभाव. ते सरळ आहे. योग्य द्रावक मिळाला की त्यात जातं, थंड केलं की स्फटिक होऊन बसतं, हवेने खराब होत नाही.

चहाचा तुरटपणा आणि रंग ज्यांच्यामुळे येतो ती द्रव्यं मात्र अजिबात सरळ नाहीत. ताज्या पानात कॅटेचिन नावाचं एक मोठं कुटुंब असतं. सगळी भावंडं एकसारखी दिसणारी, बिनरंगाची, आणि हवा लागली की बदलणारी. त्यांना एकमेकांपासून सोडवणार कसं?

स्फटिकांच्या जुन्या वाटेनेच यात पुढे गेलेली पहिली मोठी व्यक्ती म्हणजे जपानच्या मिचियो त्सुजिमुरा (१८८८-१९६९). होक्काइदोच्या विद्यापीठात तेव्हा बायकांना प्रवेश नव्हता, म्हणून १९२० पासून त्यांनी तिथे बिनपगारी मदतनीस म्हणून काम केलं. मग टोकियोला आल्या, तर १९२३ च्या भूकंपात प्रयोगशाळाच गेली. तिथून त्या रिकेन या संशोधन संस्थेत गेल्या. १९२४ मध्ये मिउरा या सहकाऱ्याबरोबर ग्रीन टीत क जीवनसत्त्व दाखवलं, १९२९ मध्ये कॅटेचिन वेगळं काढलं आणि १९३२ मध्ये त्या कृषिशास्त्रातली डॉक्टरेट मिळवणाऱ्या जपानमधल्या पहिल्या स्त्री ठरल्या. आत्याच्या डब्यावरचा तो शब्द तिथे पोचायला या बाईंच्या चिकाटीचा मोठा हात आहे.

पण एकेक द्रव्य असं स्फटिकांनी काढत बसणं म्हणजे पोतंभर तांदूळ एकेक दाणा निवडण्यासारखं. सगळी भावंडं एकदम वेगळी करायला निराळी युक्ती हवी होती, आणि ती खरं तर त्याआधीच सापडलेली होती.

जत्रेची गल्ली आठवा. घरातली सगळी एकाच वेळी गल्लीत शिरतात. आजोबा कुठेही न थांबता सरळ चालत जातात. आई बांगड्यांपाशी थोडी रेंगाळते. धाकटं पोर तर प्रत्येक खेळण्याच्या दुकानाला चिकटतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला कोणी उभं राहिलं तर त्याला ही मंडळी एकेक करून, वेगवेगळ्या वेळी बाहेर पडताना दिसतील. क्रोमॅटोग्राफी म्हणजे एवढंच. गल्ली म्हणजे एखाद्या पावडरने भरलेली नळी, गर्दीचा रेटा म्हणजे वाहणारा द्रव, आणि जो जितका दुकानांना चिकटतो तो तितका मागे.

ही गल्ली पहिल्यांदा नीट बांधली ती रशियन वनस्पतिशास्त्रज्ञ मिखाईल त्स्वेत याने. १९०३ मध्ये त्याने वॉर्सात यावर व्याख्यान दिलं. पुढे खडूच्या भुकटीने भरलेल्या नळीत हिरव्या पानांचा अर्क ओतून त्याने हिरवे-पिवळे पट्टे वेगळे करून दाखवले आणि १९०६ मध्ये या पद्धतीला क्रोमॅटोग्राफी म्हणजे 'रंगलेखन' असं नाव दिलं. गंमत म्हणजे रशियनमध्ये त्स्वेत या शब्दाचा अर्थच रंग! पण तेव्हाच्या बड्या रसायनशास्त्रज्ञांना खडूच्या नळीवर विश्वास नव्हता. १९१९ मध्ये त्स्वेत गेला, आणि १९३१ मध्ये हायडेलबर्गच्या लोकांनी त्याची पद्धत पुन्हा वर काढली. त्याला ते पाहायला मिळालं नाही.

नंतर इंग्लंडात लीड्सच्या लोकर संशोधन संस्थेत मार्टिन आणि सिंज यांनी लोकरीतली अमिनो आम्लं सोडवता सोडवता १९४१ मध्ये याच कल्पनेचं नवं रूप काढलं. त्याबद्दल दोघांना १९५२ चं नोबेल मिळालं. १९४४ मध्ये मार्टिन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी नळीही काढून टाकली आणि साधा गाळणकागद वापरला. कागदाच्या कोपऱ्यावर एक थेंब ठेवायचा, कड द्रवात बुडवायची. द्रव कागदातून सरकतो आणि थेंबातली द्रव्यं आपापल्या चालीने मागे-पुढे होतात. मग कागद वळवून दुसऱ्या द्रवात तेच पुन्हा. स्वस्त आणि मस्त.

आता आपल्याकडे येऊ. आसामात जोरहाटजवळ टोकलाई इथे १९११ पासून चहाचं संशोधन केंद्र आहे. तिथे १९३० च्या दशकात ई. ए. एच. रॉबर्ट्स नावाचे रसायनशास्त्रज्ञ काळा चहा 'आंबताना' नेमकं काय होतं याच्या मागे लागले होते. (आंबणं हा शब्द चुकीचाच. जंतूंचं काम नाही ते. पान चुरगळलं की त्यातलंच एन्झाइम हवेतल्या ऑक्सिजनच्या मदतीने कॅटेचिनना बदलतं.) १९५० च्या दशकात रॉबर्ट्सनी कागदाची युक्ती चहावर चालवली. आणि जे आजवर ओतून दिलं जात होतं ते प्रथमच कागदावर पसरून दिसलं.

कागदावर काही नीटस ठिपके होते. सोनेरी-पिवळ्या ठिपक्यांना त्यांनी नाव दिलं थिआफ्लेविन. चहाची चमक आणि जिभेवरची तरतरी यांच्याशी त्यांचा संबंध लागला. पण बरंचसं लाल-तपकिरी द्रव्य ठिपका म्हणून उभं राहायलाच तयार नव्हतं. त्याचा नुसता ओघळ पडायचा. त्या ओघळाला नाव मिळालं थिआरुबिजिन.

हे नाव मला फार विचारात पाडतं. थिआफ्लेविन हे सापडलेल्या वस्तूचं नाव आहे. थिआरुबिजिन हे न सुटलेल्या गुंत्याचं नाव आहे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला रॉबर्ट्स आणि स्मिथ यांनी मोजण्याची जी पद्धत दिली तीही तशीच होती. चहाचं पाणी एका द्रावकाबरोबर हलवायचं, थर वेगळे करायचे (आमचं नरसाळंच!), रंग किती गडद ते यंत्रावर वाचायचं, थिआफ्लेविनचा वाटा वजा करायचा आणि उरलेला रंग थिआरुबिजिनच्या नावावर मांडायचा. वजाबाकीची बाकी. आणि ही बाकी केवढी? काळ्या चहाच्या कोरड्या वजनात थिआफ्लेविन एक-दोन टक्के, तर थिआरुबिजिन १० ते २० टक्क्यांच्या घरात.

यानंतर आली एचपीएलसी, जिच्यासमोर माझी नोकरी गेली. जत्रेची तीच गल्ली, पण अतिशय बारीक कणांनी ठासलेली आणि पंपाच्या जबर दाबाखाली चालणारी. टोकाला माणसाऐवजी दिवा. जो बाहेर येईल त्याचं कागदावर एक शिखर उमटतं, शिखर जेवढं मोठं तेवढं द्रव्य जास्त. २००५ मध्ये चहातली कॅटेचिनं मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत, आयएसओ १४५०२-२, प्रसिद्ध झाली. पत्तीची पूड ७० टक्के मिथेनॉलमध्ये ७० अंशांवर मुरवायची, नळीतून सोडायची, २७८ नॅनोमीटरवर वाचायची. पाच कॅटेचिनं, पाच शिखरं.

यात एक गोष्ट मला अजूनही आवडते. शुद्ध कॅटेचिनं महाग आणि नाजूक, म्हणून त्या पद्धतीत मोजपट्टी म्हणून कॅफीन वापरायची सोय आहे. ठरलेल्या गुणकाने गुणलं की कॅटेचिनचा आकडा निघतो. म्हणजे १८२७ मधलं ते सरळ स्वभावाचं पांढरं द्रव्यच आजही बाकीच्यांना मापतंय.

पण काळ्या चहाचा अर्क सोडला की दर वेळी एक दृश्य दिसायचं. अणकुचीदार शिखरांच्या खाली एक मोठी, गोल टेकडी. माथा नाही, कडा नाहीत, नुसता फुगवटा. तोच तो थिआरुबिजिनचा ओघळ. आम्ही काय करायचो? शिखरं मोजायचो. टेकडीचा आकडा रिपोर्टात मागितलेलाच नसायचा. कितीतरी वर्षं मी रोज त्या टेकडीवरून नजर पुढे नेली, आणि कॉलेजातलं बेसिन मला एकदाही आठवलं नाही.

२०१० च्या सुमारास जर्मनीत ब्रेमेनच्या निकोलाय कुनर्ट यांच्या गटाने ती टेकडी अतिशय अचूक मास स्पेक्ट्रोमीटरवर टाकली. आत सापडली सुमारे पाच हजार वेगवेगळी द्रव्यं! फार काळ समज होता की या अवाढव्य लांब साखळ्या असाव्यात. निघाली ती बरीचशी लहान, कॅटेचिनपासूनच बनलेली आणि ऑक्सिजन घेत घेत बदलत गेलेली. एकेकाचं प्रमाण अगदी थोडं, म्हणून एकालाही स्वतःचं शिखर नाही.

तर आत्या, तुझ्या प्रश्नाचं उत्तर.

डब्यावरचा आकडा खरा असू शकतो. ग्रीन टीची पानं तोडल्यावर लगेच वाफेने किंवा कढईत तापवतात, एन्झाइम मरतं, म्हणून कॅटेचिनं शाबूत राहतात आणि नीट मोजता येतात. तुझ्या चहाची पानं मुद्दाम चुरगळलेली असतात. सीटीसी म्हणतात तो हाच. १९३० मध्ये आसामात मॅककर्चर नावाच्या माणसाने त्याचं यंत्र बनवलं. त्यात कॅटेचिनं कमी उरतात हे खरं. पण ती कुठे पळून जात नाहीत, त्यांची ती हजारो लाल द्रव्यं होतात. त्यांना पुड्यावर आकडा नाही, कारण आमच्या पद्धतीला ती सुटी करता येत नव्हती. ती तब्येतीला किती चांगली हे मी सांगणार नाही, तो माझा प्रांत नाही. पण 'आकडा नाही म्हणजे काही नाही' हा अर्थ चुकीचा आहे, आणि तो आमच्यासारख्या मोजणाऱ्यांमुळेच पसरतो.

तेव्हा रंगीत पाणी म्हणू नकोस. आवडत असेल तर ग्रीन टी पी, नातवाने प्रेमाने आणलाय. पण मी दिवाळीत येईन तेव्हा मला तुझाच चहा हवा. आलं जरा जास्त घाल.