मालदीवमधील पर्यटन व विकास
हिंदी महासागरातील या प्रवाळद्वीपीय देशात १९७२ मध्ये ‘कुरुंबा’ हे पहिले रिसॉर्ट सुरू झाले. तोवर उपजीविका मुख्यतः टूना मासेमारीवर चाले. पर्यटनाच्या उत्पन्नाने सार्वजनिक सेवांना बळ मिळाले आणि २०११ मध्ये देश अल्पविकसित राष्ट्रांच्या यादीतून बाहेर पडला. मात्र ‘एक बेट, एक रिसॉर्ट’ या धोरणामुळे पाहुणे आणि स्थानिक जनता दीर्घकाळ परस्परांपासून दूर राहिली. बहुतेक अन्न आयात होते, अनेक नोकऱ्या परदेशी कामगारांकडे जातात. साहजिकच कमाईचा मोठा वाटा देशाबाहेर जातो. घर सोडून रिसॉर्टच्या बेटावर राहावे लागत असल्याने स्थानिक स्त्रिया या व्यवसायात फार थोड्या आहेत, आणि हीच या विकासाची सर्वांत गंभीर उणीव होय. २००९-१० च्या सुमारास वस्तीच्या बेटांवर अतिथिगृहांना मुभा मिळाली. त्यामुळे माफुशीसारख्या बेटावरील कुटुंबांना पर्यटकांकडून थेट उत्पन्न मिळू लागले.