शुगरबीटमध्ये साखर भरली कशी

पांढऱ्या साखरेचा दाणा उसाचा की बीटचा, हे चाखून सांगता येत नाही. दोन्हींतली साखर एकच आहे, हे बर्लिनचे रसायनशास्त्रज्ञ आंद्रेआस मार्गग्राफ यांनी १७४७ मध्ये दाखवून दिलं. त्यांचे शिष्य फ्रान्झ कार्ल आखार्ड यांनी बीटचे अनेक वाण लावून पाहिले आणि पांढऱ्या गराचं सायलेशियन बीट निवडलं. प्रशियाच्या राजाच्या मदतीने १८०१ मध्ये सायलेशियातल्या कुनर्न गावी त्यांनी पहिला कारखाना काढला. पण तेव्हा शंभर किलो कंदात साखर असे जेमतेम पाच-सहा किलो. पुढे ब्रिटनशी झालेल्या युद्धात फ्रान्समध्ये उसाची साखर येईनाशी झाली, तेव्हा १८११ मध्ये नेपोलियनने बीटची लागवड वाढवण्याचा हुकूम काढला.

साखर खरी वाढली ती लुई द व्हिल्मोरँ या फ्रेंच बियाणेकारामुळे. बीट पहिल्या वर्षी कंद धरतं, दुसऱ्या वर्षी फुलून बी देतं. व्हिल्मोरँ कंदाचा लहानसा तुकडा काढून त्याचा रस घेत आणि वजन माहीत असलेला चांदीचा तुकडा त्यात बुडवून रसाची घनता मोजत. कंद जिवंतच राही. दाट रसाचे कंद बियाण्यासाठी पुन्हा लावले जात. प्रत्येक कंदाच्या बियांची वेगळी ओळ लावून पुढची पिढी तितकीच गोड निघते का, हेही ते तपासत. १८५० च्या दशकातली ही रीत वनस्पती-पैदाशीचा पाया ठरली. आजच्या वाणांत १६ ते २० टक्के साखर असते.

विरळणीचा ताप मात्र राहिला होता. बीटच्या एका बोंडातून तीन-चार रोपं उगवत आणि ती हातानेच उपटावी लागत. १९४८ मध्ये अमेरिकेतल्या ऑरेगनमध्ये व्ही. एफ. सावित्स्की यांना एकेकच बी धरणारी झाडं सापडली आणि यंत्राने पेरणीची वाट मोकळी झाली.

शुगरबीटला नत्र जास्त झालं की कंद फुगतो, पण साखरेचा टक्का घसरतो. कारखान्यात कंदाच्या बारीक चकत्या गरम पाण्यात भिजवून साखर उतरवतात. उरलेला चोथा जनावरांना चालतो. मळीपासून यीस्ट आणि अल्कोहोल बनतं. पाला चारा म्हणून किंवा हिरवळीच्या खतासाठी वापरतात. उसाच्या बगॅससारखं जळण मात्र इथे मिळत नाही.

आपल्याकडे उष्ण हवामानात येणाऱ्या वाणांच्या चाचण्या मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटने घेतल्या आहेत. हे पीक पाच-सहा महिन्यांत निघतं, ही त्याची मोठी जमेची बाजू. पण बीटकडून घेण्यासारखी गोष्ट वाणापुरती नाही. युरोपात प्रत्येक शेतकऱ्याच्या मालाचा नमुना तपासून साखरेच्या टक्क्यानुसार पैसे देतात. आपल्याकडे उसाचा दर कारखान्याच्या सरासरी उताऱ्यावर ठरतो, त्यामुळे गोड ऊस पिकवणाऱ्याला वेगळं काही मिळत नाही. ज्याच्या शेतात साखर जास्त, त्याच्या हाती पैसाही जास्त पडला पाहिजे. कारखान्यांनी आता शेतकरीनिहाय मोजणी सुरू करावी.