विक्रियक, प्रायोगिक : तुर्भे

ज्या संचात भंजनक्षम द्रव्यातील शृंखला विक्रिया नियंत्रित राखून तिच्यापासून मिळणारे न्यूट्रॉन हेच मुख्य फळ मानले जाते, त्यास प्रायोगिक किंवा संशोधन विक्रियक (अणुभट्टी) म्हणतात. वीज उत्पादक विक्रियकात उष्णता हवी असते. प्रायोगिक विक्रियकात ती काढून टाकावयाची अडचण असते. भारतातील पहिले प्रायोगिक विक्रियक ठाण्याच्या खाडीच्या पश्चिम तीरावर तुर्भे (ट्रॉम्बे) येथे उभारण्यात आले. खाडीच्या पूर्व तीरावर, ठाणे जिल्ह्यात, तुर्भे याच नावाचे दुसरे ठिकाण आहे, त्याच्याशी गल्लत होऊ नये. याच जिल्ह्याच्या उत्तर भागातील तारापूर (२०१४ पासून पालघर जिल्हा) येथे १९६९ मध्ये देशातील पहिले अणुवीज केंद्र सुरू झाले, परंतु ते आयात केलेले वीज केंद्र होते. अणुविद्येचे प्रत्यक्ष शिक्षण झाले ते तुर्भ्याला.

मानवनिर्मित शृंखला विक्रिया प्रथम २ डिसेंबर १९४२ रोजी शिकागो येथे एन्‍रीको फेर्मी व त्यांच्या सहकाऱ्यांनी साध्य केली. त्यानंतर कॅनडा (१९४५), रशिया (१९४६), ब्रिटन (१९४७) व फ्रान्स (१९४८) या देशांत प्रायोगिक विक्रियक चालू झाले. विक्रियक कोठवर सुरक्षित असतो हे समजण्यास काही प्रसंगी किंमत मोजावी लागली. १९५२ च्या डिसेंबरात कॅनडातील चॉक रिव्हर येथील एनआरएक्स विक्रियकाचा गाभा अपघातात निकामी झाला. १९५४ मध्ये अमेरिकेतील आयडाहो येथे बोरॅक्स हा लहान विक्रियक परीक्षणासाठी मुद्दाम नष्ट करण्यात आला, तर १९६१ च्या जानेवारीत तेथीलच एसएल-१ या विक्रियकात तीन कर्मचारी मरण पावले. यांपैकी एनआरएक्सचा तुर्भ्याशी निकटचा संबंध आहे.

भारतात १९४८ मध्ये अणुऊर्जा अधिनियम संमत होऊन होमी भाभा यांच्या अध्यक्षतेखाली अणुऊर्जा आयोग स्थापन झाला. १९५४ मध्ये तुर्भे येथील अणुऊर्जा संस्थेचा पाया घातला गेला. डोंगर व खाडी यांमधील जागा निवडण्यास कारणे होती. शहर जवळ, तरीही डोंगराचा आडोसा आणि शीतनासाठी समुद्राचे मुबलक पाणी, ही त्यांपैकी प्रमुख होत. भाभांच्या निधनानंतर (१९६६) १९६७ मध्ये या संस्थेस भाभा अणुसंशोधन केंद्र हे नाव देण्यात आले.

अप्सरा : पहिला विक्रियक कोणत्या प्रकारचा असावा याचा निर्णय १९५५ च्या मार्चमध्ये झाला. शुद्ध पाण्याच्या खोल हौदात इंधनाचा गाभा टांगून ठेवावयाचा, ही तरण-तलाव प्रकारची रचना निवडण्यात आली. पाणी एकाच वेळी मंदायक, शीतनक व संरक्षक भिंत यांचे काम करीत असल्याने ही रचना सर्वांत सोपी होय. समृद्ध युरेनियमाचे इंधन ब्रिटनकडून मिळाले; मात्र अभिकल्प, बांधकाम आणि नियंत्रणाची इलेक्ट्रॉनीय सामग्री येथीलच अभियंत्यांची होती. सुमारे सव्वा वर्षात काम पुरे होऊन ४ ऑगस्ट १९५६ रोजी दुपारी विक्रियक क्रांतिक झाला. रशिया वगळता आशिया खंडातील हा पहिला विक्रियक होय. ज्या देशात त्या वेळी साध्या यंत्रसामग्रीसाठीही आयातीकडे पाहावे लागे, तेथे ही गोष्ट लहान नव्हती. २० जानेवारी १९५७ रोजी पंतप्रधान जवाहरलाल नेहरू यांनी संस्थेचे औपचारिक उद्‌घाटन केले. चालू विक्रियकाच्या पाण्यात चेरेंकोव्ह प्रारणाचा निळा उजेड पसरतो. अप्सरा हे नेहरूंनी दिलेले नाव त्यास शोभणारे आहे.

अप्सरेची कमाल शक्ती १ मेगॅवॉट होती. हौद सुमारे ८.४ मी. लांब, २.९ मी. रुंद व ८ मी. खोल असून गाभा वर रुळांवर सरकणाऱ्या गाड्यास टांगलेला असे. त्यामुळे तो हौदात पुढेमागे नेऊन वेगवेगळे प्रयोग करता येत. समस्थानिकांची निर्मिती, न्यूट्रॉन सक्रियण विश्लेषण, न्यूट्रॉन छायाचित्रण व संरक्षक भिंतींची परीक्षणे ही कामे येथे झाली. तथापि अप्सरेचे खरे कार्य माणसे तयार करण्याचे होते. विक्रियक चालविणाऱ्यांची पहिली पिढी या हौदाच्या काठी शिकली.

सायरस : एप्रिल १९५६ मध्ये भारत व कॅनडा यांच्यात कोलंबो योजनेनुसार करार होऊन एनआरएक्सच्या धर्तीवरील ४० मेगॅवॉट शक्तीचा विक्रियक तुर्भे येथे बांधण्याचे ठरले. नैसर्गिक युरेनियम धातूचे इंधन, जड पाणी हे मंदायक व साधे पाणी हे शीतनक, अशी त्याची रचना होती. जड पाणी अमेरिकेने पुरविल्याने विक्रियकाच्या इंग्रजी नावातील आद्याक्षरांत अमेरिकेचीही भर पडली. कॅनडात नदीचे पाणी गाभ्यातून एकदाच वाहून बाहेर जाई. येथे शुद्ध पाणी बंद मंडलात फिरवून त्याची उष्णता खाडीच्या खाऱ्या पाण्यास देण्याची योजना करावी लागली. १० जुलै १९६० रोजी विक्रियक क्रांतिक झाला, परंतु पूर्ण शक्ती गाठण्यास १९६३ साल उजाडले. पहिल्या भरणातील सुमारे निम्मे इंधन तुर्भ्यातच तयार झाले होते, आणि शुद्ध युरेनियमाची पहिली लगड तेथे १९५९ च्या जानेवारीतच ओतली गेली होती. परकी साहाय्याने उभ्या राहणाऱ्या विक्रियकासाठी इंधन स्वतः करण्याचा आग्रह त्या वेळी काहींना हट्ट वाटला असेल. पुढील घटनांनी तो दूरदृष्टीचा ठरला.

नैसर्गिक युरेनियमावर चालणाऱ्या विक्रियकात प्लुटोनियम तयार होते. वापरलेल्या इंधनातून ते वेगळे करणारा कारखाना होमी सेठना यांच्या नेतृत्वाखाली १९६४ मध्ये तुर्भे येथे चालू झाला. कॅनडाबरोबरच्या करारात विक्रियकाचा उपयोग शांततेसाठीच व्हावा अशी अट होती, पण आंतरराष्ट्रीय तपासणीची तरतूद नव्हती. १८ मे १९७४ रोजी पोखरण येथे झालेल्या स्फोटातील प्लुटोनियम सायरसमधून आले होते. हा स्फोट शांततामय होता, सबब कराराचा भंग झाला नाही, ही भारताची भूमिका होती; कॅनडाने ती मान्य केली नाही व अणुसहकार्य थांबविले. शब्दांचा अर्थ दोन्ही पक्षांनी आपापल्या परीने लावला असे म्हणावे, तर मुळातील शब्दच सैल होते हेही नाकारता येत नाही. या प्रसंगानंतर पुरवठादार देशांनी अणुसामग्रीच्या निर्यातीवर कडक निर्बंध घातले व भारतास अनेक वर्षे एकाकी वाटचाल करावी लागली.

झर्लिना व पूर्णिमा : १९६१ च्या जानेवारीत क्रांतिक झालेला झर्लिना हा जवळजवळ शून्य शक्तीचा विक्रियक इंधनाच्या निरनिराळ्या मांडण्या तपासण्यासाठी होता, १९८३ मध्ये तो बंद करण्यात आला. पूर्णिमा (१९७२) हा प्लुटोनियम ऑक्साइडावर चालणारा द्रुत विक्रियक पी. के. अय्यंगार व त्यांच्या सहकाऱ्यांनी उभारला. त्याच्या १९८४ मधील दुसऱ्या अवतारात थोरियमापासून मिळणारे युरेनियम-२३३ विद्राव रूपात वापरले गेले. भारतात थोरियमाचे साठे विपुल असल्याने या प्रयोगांस विशेष महत्त्व आहे.

ध्रुव : १०० मेगॅवॉट शक्तीचा हा विक्रियक सायरसच्या शेजारी, परंतु सर्वस्वी देशी प्रयत्नांतून उभा राहिला. त्यात जड पाणी हेच मंदायक, शीतनक व परावर्तक आहे. ८ ऑगस्ट १९८५ रोजी तो क्रांतिक झाला. पण शक्ती वाढविताच शीतनकाच्या वेगवान प्रवाहाने इंधनाच्या जुड्या कंप पावू लागल्या. आवरणाच्या ॲल्युमिनियमाची झीज होऊन जड पाणी गढूळ झाले व विक्रियक थांबवावा लागला. बाहेरून सल्ला मिळण्याची शक्यता नव्हती. अनिल काकोडकर आदी अभियंत्यांनी जुड्यांच्या आधाराची रचना बदलली आणि जानेवारी १९८८ मध्ये ध्रुव पूर्ण शक्तीने चालू लागला. प्रायोगिक विक्रियक हा स्वतःच एक प्रयोग असतो, याचे तुर्भ्यातील सर्वांत बोलके उदाहरण हेच. ध्रुवमध्ये तयार होणारे समस्थानिक खाडीपलीकडील वाशी येथील प्रारण व समस्थानिक तंत्रविद्या मंडळाकडून (स्थापना १९८९) रुग्णालये व उद्योग यांना पुरविले जातात.

सायरस १९९७ मध्ये नूतनीकरणासाठी थांबविण्यात आला व काही वर्षांनी पुन्हा चालू झाला. त्या वेळी त्याच्या टाकाऊ उष्णतेवर समुद्राच्या पाण्यापासून रोज सुमारे ३० घन मी. गोडे पाणी करणारा संच त्यास जोडण्यात आला. अमेरिकेबरोबरील अणुकराराच्या संदर्भात २००६ मध्ये मांडलेल्या विभाजन योजनेत सायरस कायमचा बंद करण्याचे, तसेच अप्सरेचे इंधन तुर्भ्याबाहेर नेऊन आंतरराष्ट्रीय तपासणीस खुले करण्याचे आश्वासन होते. त्यानुसार ३१ डिसेंबर २०१० रोजी सायरस बंद झाला. जुनी अप्सरा त्यापूर्वीच, २००९ मध्ये, थांबली होती. त्याच इमारतीत २ मेगॅवॉट शक्तीची नवी अप्सरा १० सप्टेंबर २०१८ रोजी क्रांतिक झाली. तिच्यातील अल्प-समृद्ध युरेनियमाचे इंधन भारतातच तयार केलेले आहे.