भरून पावलो

‘नुकसानभरपाई’ हा शब्द आता सरकारी कागदाचा वाटतो. गोराई, मनोरी, उत्तनच्या खाडीकाठी तो वादळानंतर तोंडी येतो. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळाने मुंबई-पालघरच्या किनाऱ्यावर होड्या फोडल्या, जाळी नेली; मग पंचनामे आले आणि भरपाईची बोलणी सुरू झाली. घाटावर हाच शब्द गारपिटीनंतर येतो, धरणात शेत गेल्यावर येतो. पण या शब्दाचे वारकऱ्याशी फार जुने नाते आहे.

यातला ‘नुकसान’ मूळचा अरबी. फारसीच्या वाटेने, दरबारी कागदांतून तो मराठीत आला आणि इथलाच झाला. ‘भरपाई’ मात्र घरची. त्यात भरणे आहे आणि पावणे आहे. एकाने भरायचे, दुसऱ्याला पावायचे. जुन्या देण्याघेण्यात भरपाई म्हणजे नुसती रक्कम नव्हे. सारी रक्कम पोचली, आता काही येणे उरले नाही, अशी लिहून दिलेली पावतीही भरपाईच. त्या पावतीचे सार दोन शब्दांत मावते: भरून पावलो. ते शब्द देणाऱ्याने उच्चारायचे नसतात. ज्याचे गेले, त्यानेच ते म्हणायचे असतात.

संतचरित्रात अशी एक पावती प्रसिद्ध आहे. मंगळवेढ्याचे दामाजीपंत बेदरच्या बहामनी बादशहाचे अधिकारी. १४६० च्या सुमाराचा दुष्काळ त्यांच्याच नावाने ओळखला जातो. लोक अन्नावाचून मरू लागले, तेव्हा पंतांनी सरकारी धान्याची कोठारे मोकळी केली. बेदरला चुगली गेली आणि पंतांना पकडून नेण्याचा हुकूम आला. महिपतीबुवांनी १७६२ मध्ये पूर्ण केलेल्या ‘भक्तविजया’त पुढची कथा आहे. पंत वाटेत असतानाच विठू महाराच्या रूपाने पांडुरंग दरबारात गेला, धान्याचे मोल मोजून दिले आणि रसीद घेतली. ती रसीद पंतांना त्यांच्या गीतेच्या पोथीत सापडली.

कथेत दोन गोष्टी पाहण्याजोग्या आहेत. देवाने बादशहाची बुद्धी फिरवली, किंवा ‘पुण्यकर्म होते, हिशेब कसला?’ असे म्हटले, असे कथा सांगत नाही. देवाने पैसे भरले आणि पावती घेतली. दया केली म्हणून दुसऱ्याचे देणे बुडत नाही, हा परंपरेचा निवाडा आहे. दुसरी गोष्ट रूपाची. गावचा वसूल खजिन्यात पोचवणे हे महाराचे काम होते. ज्याच्या खांद्यावर सगळ्यांचा भार, पण ज्याला देवळाच्या दारातही जागा नाही, त्याचे रूप देवाने घेतले.

आता त्याच मंगळवेढ्यात सुमारे सव्वाशे वर्षे मागे जाऊ. शके १२६०, म्हणजे १३३८. गावकुसाचे काम चालले होते. कूस कोसळले आणि चोखोबा इतर मजुरांसह त्याखाली गाडले गेले. बादशहाच्या धान्याची पावती झाली. या मजुरांच्या घरी कोणी काय भरले, याची पावती कथेत नाही. नामदेवराय मंगळवेढ्याला गेले. ज्या अस्थींतून विठ्ठलनाम ऐकू आले त्या चोखोबांच्या, असे ओळखून त्यांनी त्या पंढरीला आणल्या आणि महाद्वारी समाधी झाली. आज आपण तिथे माथा टेकतो. तो मोठा सन्मान आहे, पण त्याला भरपाई म्हणता येईल का? ‘भरून पावलो’ म्हणायला चोखोबाच नव्हते. बाकीच्या मजुरांची तर नावेही आपल्याला ठाऊक नाहीत.

येणे सोडून देण्याचेही एक उदाहरण आपल्याकडे आहे. १६३० च्या भीषण दुष्काळानंतर तुकोबांनी सावकारीचे कागद इंद्रायणीत बुडवले. चरित्रकार सांगतात की आधी त्यांनी वाटणी केली. धाकट्या कान्होबांचे कागद त्यांना दिले आणि बुडवले ते फक्त स्वतःचे. आपले येणे आपण सोडू शकतो. दुसऱ्याचे येणे सोडायचा अधिकार तुकोबांनीही घेतला नाही.

कायद्यालाही हे थोडेफार उमगलेले दिसते. १८९४ च्या भूसंपादन कायद्यात बाजारभावावर पंधरा टक्के जास्त देत, कारण जमीन मनाविरुद्ध घेतलेली. १९८४ मध्ये ते तीस टक्के झाले आणि २०१३ च्या कायद्याने शंभर टक्के. या वाढीव रकमेला दिलासा रक्कम म्हणतात. म्हणजे भाव दिला तरी दुःख उरते, हे मान्य आहे. शिवाय शेतकरी आपली हरकत नोंदवून पैसे उचलू शकतो. पैसे घेतले, पण भरून पावलो असे म्हटलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ. ‘पैसे तर घेतलेत, आता तक्रार कसली?’ असे त्याला विचारणाऱ्याने हा शब्द नीट ऐकलेला नाही.

पंढरीला विटेवरचे रूप डोळ्यांत साठवून आपण सहज म्हणतो, भरून पावलो. देवाकडे आता काही येणे नाही, असेच आपण त्या वेळी लिहून देत असतो. ते आपल्या मुखाने, आपल्या समाधानाने येते. पुजारी ते आपल्या वतीने म्हणत नाही. मग आपल्या हातून कोणाचे काही गेले असेल, भावाच्या बांधाचे, शेजाऱ्याच्या वाटेचे, मजुराच्या दिवसाचे, तर ‘दिले की मी’ एवढ्यावर थांबता येणार नाही. माउली, त्याच्या दारी जाऊन विचारावे लागेल. तो म्हणेल तेव्हाच ती भरपाई.

रामकृष्णहरी.