टिपूच्या तंबूचे गाव

वेल्शपूल हे नाव मला पहिल्यांदा कळले ते टिपू सुलतानच्या तंबूमुळे. तंबूचा शोध घेता घेता मी गावाच्या इतिहासात गुंतलो.

वेल्समध्ये, सेव्हर्न नदीच्या काठी, इंग्लंडच्या सीमेजवळ हे छोटे गाव आहे. पूर्वी नाव नुसते ‘पूल’ होते. डॉर्सेटमध्येही एक पूल असल्यामुळे १८३५ मध्ये त्याला ‘वेल्श’ जोडले गेले. मेंढ्या आणि लोकर यांवर गाव पोसले. आजही सोमवारी मेंढ्यांचा मोठा बाजार भरतो. इथली छोटी रेल्वे १९५६ मध्ये बंद पडली, तेव्हा हौशी लोकांनी खपून ती १९६३ मध्ये पुन्हा सुरू केली. माणसे जिद्दीची आहेत.

गावाला १२६३ मध्ये सनद देणारा स्थानिक राजा ग्रिफिथ हाही वेल्शच होता. पण वेल्सचा राजपुत्र लेवेलिन इंग्रजांशी लढत असताना हा इंग्लंडच्या राजाच्या बाजूने उभा राहिला. १२८२ मध्ये लेवेलिन मारला गेला आणि वेल्सचे स्वातंत्र्य संपले.

हे वाचताना मला श्रीरंगपट्टण आठवले. १७९२ मध्ये टिपूविरुद्ध इंग्रजांसोबत निजाम होता, पेशव्यांचे सैन्यही होते. १७९९ मध्ये टिपू शहीद झाला, तेव्हाही निजामाची फौज इंग्रजांच्याच छावणीत होती. या लढाईला हिंदू-मुस्लिम रंग देणाऱ्यांनी एवढे तरी लक्षात ठेवावे.

त्या वेळी मद्रासचा गव्हर्नर होता एडवर्ड क्लाइव्ह, प्लासीवाल्या रॉबर्ट क्लाइव्हचा मुलगा. त्याची पत्नी हेन्रिएटा वेल्शपूलजवळच्या पॉविस किल्ल्याच्या घराण्यातली. त्या नात्याने टिपूचा फुलापानांच्या नक्षीचा सुती तंबू या किल्ल्यात पोचला. पुढे घरच्या लोकांनी तो बागेतल्या मेजवान्यांसाठी वापरला. ज्याच्या छायेत सुलतान मोहिमेवर राहत असे, त्याखाली पाहुणे चहा पिऊ लागले.

बाजारात मेंढ्या विकणाऱ्या माणसांवर माझा राग नाही. त्यांच्या पूर्वजांनीही आपले राज्य गमावले होते. त्यांची भाषा मात्र अजून पाट्यांवर, शाळांत जिवंत आहे. म्हणून वाटते, हरणे म्हणजे काय हे ज्या भूमीला ठाऊक आहे, तिला तरी त्या तंबूकडे पाहताना तो कुणाचा होता हे विसरता येऊ नये.

आणि आपल्यालाही, तो तिथे पोचायला आपल्यापैकी कुणाकुणाचे हात लागले, हे विसरता येऊ नये.